योहान बर्ग गुडमुंडसन: गोल कमी, तरी दशकभर संघात पक्का कसा?

उजवी_कडा

आइसलंडच्या सुवर्णपिढीचा विषय निघाला की गिल्फी सिगुर्दसन आठवतो, आरोन गुन्नारसनचे लांब थ्रो आठवतात, हाल्दोरसननं अडवलेली मेस्सीची पेनल्टी आठवते. उजव्या कडेला खेळणाऱ्या योहान बर्ग गुडमुंडसनबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात कारकीर्द. जन्म २७ ऑक्टोबर १९९०, रेक्याविक. ब्रेदाब्लिक या तिथल्याच क्लबाकडून सुरुवात. ऑगस्ट २००८ मध्ये अझरबैजानविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण. जानेवारी २००९ मध्ये अठराव्या वर्षी नेदरलंड्समधल्या एझेड अल्कमारला. २०१४ ला करार संपल्यावर इंग्लंडमध्ये चार्लटन, २०१६ ला बर्नली, तिथे आठ हंगाम. २०२४ च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियाच्या अल-ओरोबाकडे. राष्ट्रीय संघाचे नव्वदच्या वर सामने, एक युरो, एक वर्ल्ड कप.

डावखुरा, पण बहुतेक सामने उजवीकडून. आठ हंगामांत बर्नलीसाठी लीगमध्ये केलेले गोल वीसच्या आत आहेत. तरीही बर्नलीचे डाइश, कोम्पनी, आइसलंडचे लागरबेक, हाल्लग्रिम्सन, सगळ्या प्रशिक्षकांनी तो तंदुरुस्त असला की त्याला खेळवलं. माझ्या मते आइसलंडचा तो आजवरचा सर्वांत चांगला विंगर. पण असा विंगर मोजायचा कशावर? जाणकारांनी लिहावं.

---

तक्ता_पाहू

"सर्वांत चांगला" जरा जास्त होतंय. विंगरकडून दोनच गोष्टी अपेक्षित असतात, गोल आणि असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास). चार्लटनमध्ये ८१ लीग सामन्यांत १६ गोल ठीक आहेत, पण ती चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी पातळी. त्यातही २०१५-१६ ला संघ तिथूनही खाली गेला. प्रीमियर लीगमध्ये एका हंगामात त्याचे तीनाच्या वर गोल कधी झालेच नाहीत. युरो २०१६ च्या लाटेवर त्या संघातल्या सगळ्यांचंच मोल थोडं फुगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

चेंडू_दुसरा

@तक्ता_पाहू, तक्ताच बघायचा तर २०१७-१८ चा पूर्ण बघा. बर्नली सातवी आली, ५४ गुण. अख्ख्या हंगामात ३८ सामन्यांत संघाचे गोल ३६. त्यात योहानचे ८ असिस्ट आणि स्वतःचे २ गोल. म्हणजे संघाच्या चार गोलांमागे एकापेक्षा जास्त गोलांत त्याचा थेट हात. मँचेस्टर सिटीनं त्याच हंगामात १०६ गोल केले. तिथल्या विंगरचे ८ असिस्ट आणि इथले ८ असिस्ट एकाच मापानं कसे मोजणार?

ते दोन गोलही कुणाविरुद्ध होते ते बघा. १ जानेवारी २०१८, लिव्हरपूल, ८७व्या मिनिटाला हेडरनं बरोबरी. (पुढे क्लावाननं भरपाई वेळेत गोल केला आणि बर्नली १-२ हरली, ते सोडा.) दुसरा ३ फेब्रुवारीला सिटीविरुद्ध ८२व्या मिनिटाला, १-१. त्या सातव्या स्थानामुळे बर्नली ५१ वर्षांनी युरोपात गेली.

---

सायली_स्टेडियम

वाचतेय. उजव्या बाजूला डावखुरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आत शिरून शॉट मारणारा नेदरलंड्सचा रॉबेन येतो. हा तसा नाही का? मग डावखुऱ्याला उजवीकडे ठेवून फायदा काय?

---

दोन_ओळी_चार

@सायली_स्टेडियम, प्रश्नाचा गाभा तोच आहे. जरा सविस्तर लिहितो.

रॉबेन ज्या रचनेत खेळायचा तिथे त्याच्यामागे चेंडू ताब्यात ठेवणारा संघ असायचा. लागरबेकचा आइसलंड आणि डाइशची बर्नली, दोन्ही ४-४-२. चारांच्या दोन ओळी, ओळींमधलं अंतर साधारण १० ते १२ मीटर, चेंडू बहुतेक वेळ समोरच्याकडे. या रचनेत विंगर हा आधी मधल्या फळीतला चौथा माणूस आणि मग विंगर. त्याची कामं क्रमानं अशी:

एक, चेंडू त्याच्याच बाजूला असेल तर समोरच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) बाहेरच्या बाजूला ढकलायचं आणि आतला पासचा रस्ता शरीरानं झाकायचा. इथे डावा पाय उपयोगी पडतो, कारण चेंडू हिसकावला की पहिलाच स्पर्श मैदानाच्या मध्याकडे होतो. उजव्या पायाच्या खेळाडूचा तो स्पर्श टचलाइनकडे जातो आणि पुन्हा थ्रो-इन.

दोन, चेंडू पलीकडच्या बाजूला असेल तर आत सरकायचं, पार मध्यवर्ती बचावपटूच्या रेषेपर्यंत. आपल्या बाजूचा समोरचा फुलबॅक मोकळा सोडायचा. हे मुद्दाम असतं. समोरच्या संघानं लांब पास देऊन बाजू बदलली की चेंडू हवेत असतानाच २०-२५ मीटर धावून त्याच्यापर्यंत पोचायचं. उशीर झाला की मागचा आपला फुलबॅक दोघांच्या तावडीत सापडतो. ४-४-२ मधले अनेक गोल इथूनच पडतात.

तीन, आपल्या संघाचा हल्ला डावीकडून होत असेल तर दूरच्या खांबापाशी हजर व्हायचं. योहानचे महत्त्वाचे गोल याच सवयीतून आलेत. ९ ऑक्टोबर २०१७, रेक्याविक, कोसोव्होविरुद्ध: गिल्फी डावीकडून बचाव फोडत आत शिरला, चेंडू आडवा आला आणि ६८व्या मिनिटाला योहान तिथे उभा. २-०, आणि आइसलंड पहिल्यांदा वर्ल्ड कपला. त्याआधी तीनच दिवस, एस्किशेहिरला तुर्कस्तानविरुद्धच्या ३-० विजयातला पहिला गोलही त्याचाच. पात्रतेच्या शेवटच्या दोन्ही सामन्यांत गोल करणारा विंगर "लाटेवर फुगलेला" असेल असं मला वाटत नाही.

आत शिरून मारायचं म्हणाल तर तेही त्याला येतं. ६ सप्टेंबर २०१३, बर्न. स्वित्झर्लंडविरुद्ध ५४व्या मिनिटाला आइसलंड ४-१ नं मागे. अखेर ४-४. योहानची हॅटट्रिक, ३रा, ६८वा आणि ९०+१ मिनिट. तिसरा गोल उजवीकडून आत येत डाव्या पायानं दूरच्या कोपऱ्यात वळवलेला. शक्य असेल तर तो पुन्हा बघा. शॉटआधी तो चेंडू अर्धं पाऊल बाहेर ढकलतो, त्यामुळे बचावपटूचं वजन चुकीच्या पायावर जातं.

---

सायली_स्टेडियम

@दोन_ओळी_चार धन्यवाद, आता लक्षात आलं. मग फुलबॅकचं काय? विंगर आत गेला की कड रिकामी राहत असेल ना.

---

दोन_ओळी_चार

ती फुलबॅकनंच भरायची. आइसलंडकडून बिर्किर माउर सेवार्सन, बर्नलीकडून मॅट लोटन. दोघेही उजव्या पायाचे, त्यामुळे जोडी छान जुळते: विंगर डाव्या पायावर आत, फुलबॅक उजव्या पायानं बाहेरून क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू. अट एकच. फुलबॅक पुढे गेला की मध्यातल्या दोन मिडफिल्डरांपैकी उजवीकडच्यानं मागे थांबायचं. आइसलंडमध्ये ते काम गुन्नारसन करायचा.

युरो २०१६ मध्ये हे इतकं घोटलेलं होतं की पाचही सामन्यांत सुरुवातीचे अकरा तेच. पोर्तुगाल १-१, हंगेरी १-१, ऑस्ट्रिया २-१, इंग्लंड २-१, आणि फ्रान्सविरुद्ध २-५. एकही बदल नाही. फ्रान्ससमोर ते पाय शेवटी थकले, हेही खरं.

---

खांबाजवळ

ऑस्ट्रियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला योहानचा लांबून मारलेला शॉट गोलच्या चौकटीवर आदळला होता. तो आत गेला असता तर हा धागाच निघाला नसता! :)

---

तक्ता_पाहू

रचनेचा मुद्दा मान्य. पण मग त्याच निकषावर बिर्किर ब्यार्नासन पुढे नाही का? डावीकडे तीच कामं, वर पोर्तुगालविरुद्ध आइसलंडचा युरोतला पहिलावहिला गोल त्याचा. देशासाठी सर्वाधिक सामन्यांचा विक्रमही त्याच्याच नावावर. पेस्कारा, बासेल, अ‍ॅस्टन व्हिला, ब्रेशिया अशी फिरस्ती, आणि जिथे जाईल तिथे मधल्या फळीत कुठेही खेळायचा.

---

चेंडू_दुसरा

बिर्किर मूळचा मिडफिल्डर. कडेला ठेवलेला. उजव्या पायाचा असून डावीकडे, त्यामुळे आत येऊन खेळणं त्याला सोपं. अंगानं जास्त दणकट, हवेत चांगला. पण क्रॉस? तिथे तुलना होऊ शकत नाही. निव्वळ विंगर म्हणून योहानच पुढे. "संघासाठी अधिक उपयोगी कोण" विचाराल तर बिर्किर म्हणायलाही माझी हरकत नाही.

---

आतवळण

क्रॉसचा विषय निघालाच आहे तर कॉर्नरवर लिहितो, कारण बर्नलीत योहानचं खरं भांडवल ते होतं.

उजव्या कोपऱ्यावरून डाव्या पायाचा कॉर्नर गोलकडे वळत जातो. मेंढरांसारखे सगळे एकाच ठिकाणी गोळा झाले की त्याचा उपयोग शून्य. बर्नलीची मांडणी साधारण अशी असायची: एक जण जवळच्या खांबापाशी फ्लिकसाठी (डोक्यानं चेंडू हलकेच पुढे वळवायला), एक गोलकीपरसमोर, आणि जेम्स टार्कोव्स्की व बेन मी हे दोन मध्यवर्ती बचावपटू पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपासून धावत येणार. चेंडू पडायची जागा म्हणजे गोलपासून पाच-सहा मीटरचा पट्टा. त्याहून आत गेला की कीपर मुठीनं मारतो, बाहेर राहिला तर हेडरला जोर उरत नाही.

मारताना टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला, किंचित मागे. धाव साधारण ४५ अंशांतून. संपर्क अंगठ्याच्या सांध्याच्या आतल्या हाडानं, चेंडूच्या मध्याच्या जरा खाली आणि बाहेरच्या अर्ध्यावर. अंग मागे झुकलं की चेंडू तरंगतो, आणि तरंगणारा कॉर्नर म्हणजे बचावाला सराव. योहानचा चेंडू जवळच्या खांबावरच्या पहिल्या बचावपटूच्या डोक्यावरून जेमतेम जातो आणि मग खाली येतो. हे "जेमतेम" फार अवघड आहे. लीगमधल्या कितीतरी कॉर्नरचा शेवट त्या पहिल्याच माणसावर होतो.

अजून एक गोष्ट. वाऱ्यात आत वळणारा चेंडू जास्त वळतो. टर्फ मूरला, बर्नलीच्या मैदानावर, वारा चांगलाच असतो, तेव्हा निशाणा दूरच्या खांबाकडे सरकवावा लागतो. रेक्याविकच्या लौगारदाल मैदानावरही तेच.

---

धुकं_आणि_धाव

@आतवळण, सुंदर प्रतिसाद. एक भर. २०१७ च्या डिसेंबरात बर्नलीकडून डावीकडे खेळणाऱ्या रॉबी ब्रेडीच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि जानेवारीत एरन लेनन आला. लेनन उजवीकडेच खेळणारा. त्यामुळे योहान बऱ्याचदा डावीकडे गेला. तिथे तो सरळ कडेनं जाऊन डाव्या पायानं क्रॉस देणारा जुन्या पद्धतीचा विंगर झाला. सिटीविरुद्धचा गोल आठवा. लोटनचा क्रॉस उजवीकडून आला आणि दूरच्या खांबावर योहान. एकाच हंगामात दोन्ही बाजू, दोन वेगळ्या कामांसाठी, आणि दोन्हीकडे उपयोगी. हे आठ असिस्ट म्हणूनच वजनदार वाटतात.

---

पेठेतला_मिडफिल्डर

एक मूलभूत शंका. लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. अशा देशातून प्रीमियर लीगचा विंगर घडतो कसा? नुसतं "जिद्द" वगैरे उत्तर नको.

---

बंदिस्त_मैदान

नुसती जिद्द नाहीच. तीन ठोस कारणं आहेत.

पहिलं, छताखालची पूर्ण आकाराची मैदानं. पहिलं २००० साली केफ्लाविकला, रेक्यानेसहॉल. कोपावोगुरचं फीफान २००२ चं, ब्रेदाब्लिकच्या मैदानाला लागूनच. त्याआधी हिवाळ्यात पोरं खडीच्या मैदानावर किंवा शाळेच्या जिमखान्यात खेळायची. खडीवर चेंडू वेडावाकडा उसळतो, म्हणून पहिला स्पर्श आणि क्रॉस कच्चा राहायचा. फीफान झालं तेव्हा योहान अकरा-बारा वर्षांचा होता. याच क्लबमधून आल्फ्रेद फिन्बोगासन निघाला, गिल्फीही काही काळ इथलाच. योगायोग म्हणून सोडून देण्याइतकं हे किरकोळ नाही.

दुसरं, प्रशिक्षक. तिथे लहान मुलांनाही पगारी, युएफाचा (युरोपीय फुटबॉल संघटनेचा) बी परवाना असलेला प्रशिक्षक मिळतो. गावच्या क्लबमध्येसुद्धा. कुणाचे तरी बाबा शिट्टी घेऊन उभे आहेत, असा प्रकार नाही.

तिसरं, प्रवास. आइसलंड युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहे. फिफाच्या नियमानं १८ वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबात जाता येत नाही, पण या क्षेत्रात सोळाव्या वर्षापासून मुभा आहे. गिल्फी सोळाव्या वर्षी रेडिंगला गेला तो असाच. नेदरलंड्समध्ये तर आणखी एक फायदा: क्षेत्राबाहेरचा विशीच्या वरचा खेळाडू घ्यायचा तर क्लबला लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावा लागतो. आइसलंडच्या पोराला ही अट नाही. म्हणून मध्यम पातळीचा डच क्लब ब्राझीलपेक्षा आइसलंडकडे आधी बघतो.

इंग्लंडचं दार मात्र आता तितकं उघडं नाही. २०१४ ला योहान चार्लटनला कामाच्या परवान्याविना जाऊ शकला. १ जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे आइसलंडच्या खेळाडूलाही गुणांच्या पद्धतीतून जावं लागतं.

---

पेठेतला_मिडफिल्डर

वा, हे हवं होतं. मग असा खेळाडू विकून ब्रेदाब्लिकला चांगलेच पैसे मिळत असतील?

---

हिशेब_चोख

योहानच्या बाबतीत फार नाही, आणि त्यामागचं गणित बघण्यासारखं आहे.

फिफाच्या नियमांत खेळाडू घडवणाऱ्या क्लबला दोन वाटांनी पैसे मिळतात. एक, प्रशिक्षण भरपाई. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी, आणि नंतर, तेव्हाच्या नियमानं, २३व्या वाढदिवसाचा हंगाम संपेपर्यंत प्रत्येक परदेशी बदलीला. दोन, ऐक्य निधी. करार चालू असताना रक्कम देऊन बदली झाली तर त्या रकमेचे ५ टक्के १२ ते २३ वयातल्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दर वर्षी ०.२५ टक्के, १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दर वर्षी ०.५ टक्के. बेरीज बरोबर ५.

आता योहान. जानेवारी २००९ ला एझेडकडे गेला तेव्हा ब्रेदाब्लिकला मिळायचं ते मिळालं. २०१४ ला तो करार संपवून चार्लटनला फुकट गेला. बदलीची रक्कमच नाही, तर ५ टक्के कशाचे? भरपाईचं वयही संपलेलं, कारण २३वा वाढदिवस ऑक्टोबर २०१३ मध्ये झाला आणि तो हंगाम संपला होता. २०१६ ला बर्नलीनं पैसे मोजले, पण चार्लटन ते बर्नली ही एकाच देशातली बदली. अशा बदलीत परदेशी घडवणाऱ्या क्लबाला ऐक्य निधी देण्याचा नियम १ जुलै २०२० पासून आला. तेव्हा तो नव्हता.

म्हणजे प्रीमियर लीगमध्ये इतकी वर्षं खेळलेल्या माणसाच्या २०१४ आणि २०१६ च्या दोन्ही बदल्यांत त्याच्या मूळ क्लबाच्या हाती काही लागलं नाही. छोट्या क्लबांनी यातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पहिल्याच करारात "पुढच्या विक्रीचा इतका टक्का" हे कलम घालणं. तरीसुद्धा खेळाडू करार संपवून गेला तर तेही कलम कोरडंच राहतं.

---

बालेवाडी_ब्लॉक

अवांतर: आइसलंडचा आणि आपल्या पुण्याचा एक धागा आहे, कुणी काढला नाही म्हणून काढतो. २०१६ ला एफसी पुणे सिटीनं चक्क आयदुर गुद्योनसनला मुख्य परदेशी खेळाडू म्हणून घेतलं होतं! चेल्सी, बार्सेलोना खेळलेला माणूस. दुखापतीमुळे हंगामाआधीच बाहेर पडला आणि मोहम्मद सिसोको आला. बालेवाडीला तो खेळला असता तर काय मजा आली असती.

---

कोची_किनारा

@बालेवाडी_ब्लॉक, आणि २०१८ च्या जानेवारीत गुद्योन बाल्दविनसन केरळा ब्लास्टर्सकडे आला होता. तो मात्र प्रत्यक्ष खेळला.

---

उजवी_कडा

अवांतर आवडलं :) पण पुन्हा योहानकडे येऊ. दुखापतींबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मते त्याची कारकीर्द त्यांनीच सर्वाधिक कापली.

---

मांडी_आणि_पोटरी

लिहितो. बर्नलीत गुडघा, मांडीचा मागचा स्नायू, पोटरी, सगळं येऊन गेलं. २०१९-२० ची सुरुवात बघा: पहिल्याच दिवशी साउदॅम्प्टनविरुद्ध ३-० विजयात गोल, आणि मग हंगामाचा बराच भाग बाहेर. वर्ल्ड कप २०१८ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ६३व्या मिनिटाला पोटरी धरून बाहेर आला, रुरिक गिस्लासन आत गेला, आणि पुढच्याच मिनिटाला मेस्सीची पेनल्टी. नायजेरियाविरुद्धचा सामना हुकला, आइसलंड ०-२. क्रोएशियाविरुद्ध परतला, १-२. एका विंगरच्या पोटरीमुळे स्पर्धा गेली असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, पण नायजेरियाविरुद्ध त्याच्या क्रॉसची उणीव ठळक दिसली.

विंगरलाच हे का होतं? @दोन_ओळी_चार यांनी वर तो २०-२५ मीटरचा धावता परतीचा रस्ता सांगितला आहे. तो सामन्यात कितीतरी वेळा, बहुधा थांबलेल्या अवस्थेतून. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो तेव्हा मांडीचा मागचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो. फाटतो तो नेमका त्या क्षणी. पोटरीचं उलट, ती बहुतेकदा पहिल्या दोन-तीन पावलांत, जोर लावताना जाते.

एकदा झालेली दुखापत पुन्हा होण्याचं मुख्य कारण म्हणजे घाई. वेदना थांबते ती स्नायू भरून येण्याच्या खूप आधी. परत येताना क्रम साधारण असा हवा: वेदनेशिवाय चालणं, मग हलकी धाव, मग ६०-७० टक्के वेग, मग वळणं आणि ब्रेक, मग ९० टक्क्यांच्या वर पूर्ण स्प्रिंट, आणि तो एकदाच नाही तर सलग काही सत्रांत. शेवटच्या पायरीला फाटा देऊन सामना खेळवला की पहिला पूर्ण स्प्रिंट थेट सामन्यातच होतो. तिथे पुन्हा फाटतो. गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून अंग हळूहळू पुढे सोडण्याचा नॉर्डिक व्यायाम नियमित केला तर मांडीच्या या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात, हे अभ्यासांत दिसलंय. अट एकच, हंगामभर सोडायचा नाही.

राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला आणखी एक अडचण. उन्हाळी विश्रांती मिळतच नाही. २०१६ ला युरो संपवून थेट बर्नलीचा हंगामपूर्व सराव, २०१८ ला रशिया संपवून जुलैतच ॲबर्डीनविरुद्ध युरोपा पात्रता.

---

धुकं_आणि_धाव

म्हणूनच कोम्पनीनं २०२२-२३ मध्ये त्याला आत, मधल्या फळीत खेळवलं तो निर्णय मला फार आवडला. लांब स्प्रिंट कमी, स्पर्श जास्त. डावा पाय तसाच. त्या हंगामात बर्नलीनं १०१ गुणांनी चॅम्पियनशिप जिंकली, सात सामने राखून बढती पक्की केली. ३२ वर्षांच्या विंगरला दुसरं आयुष्य द्यायचं तर असं द्यावं. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये संघ २४ गुणांवर अडकला आणि खाली आला, पण शेफील्ड युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ४-१ हरवलं तेव्हा चौथा गोल योहानचा होता.

---

तक्ता_पाहू

चर्चा वाचून माझं मत थोडं सरकलंय, पूर्ण नाही. २०१७-१८ चा हंगाम आणि पात्रतेचे शेवटचे दोन सामने मान्य. पण "आजवरचा सर्वांत चांगला" म्हणताना पुढच्या पिढीचाही विचार करा. आर्नोर सिगुर्दसननं १९ व्या वर्षी बर्नाबेऊवर रेआल माद्रिदविरुद्ध गोल केला, सीएसकेए मॉस्कोकडून, ३-० विजयात. यॉन दागुर थोर्स्टेन्सननं २०२४ ला वेम्बलीवर इंग्लंडला हरवणारा गोल केला. दोघेही विंगर.

---

चेंडू_दुसरा

दोन्ही गोल अप्रतिम. पण आपण कारकीर्द मोजतोय, एक रात्र नाही. त्या दोघांना आठ हंगाम एकाच इंग्लिश क्लबात काढून दाखवू देत, मग पुन्हा धागा काढू.

---

दोन_ओळी_चार

मूळ प्रश्न, असा विंगर मोजायचा कशावर. माझं उत्तर: चार गोष्टींवर. संघाच्या एकूण गोलांत त्याचा वाटा किती (२०१७-१८ मध्ये ३६ पैकी १०). सेट-पीसवरून (कॉर्नर, फ्री किक) किती संधी तयार झाल्या. चेंडू पलीकडे असताना तो कुठे उभा होता. आणि तो नसताना संघाची ती बाजू कशी दिसली.

पहिल्या दोन गोष्टी आकड्यांत मिळतात. उरलेल्या दोन्हींसाठी पूर्ण सामना बघावा लागतो, ठळक क्षणचित्रांत त्या दिसत नाहीत. @सायली_स्टेडियम, सुरुवात करायची तर युरोतला इंग्लंडविरुद्धचा सामना घ्या. १८व्या मिनिटाला आइसलंड २-१ नं पुढे गेला, त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ फक्त उजव्या विंगरकडे बघत राहा, चेंडूकडे नाही. इंग्लंडचा हल्ला दुसऱ्या बाजूनं आला की तो किती आत येतो आणि चेंडू बदलला की कुठल्या क्षणी निघतो, तेवढंच मोजा.

---

सायली_स्टेडियम

करते. पूर्ण सामन्याची लिंक कुणाकडे अधिकृत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज. आणि नायजेरियाविरुद्धचाही हवा, त्याच्याविना ती बाजू कशी दिसते ते बघायला.

---

उजवी_कडा

दोन्हींसाठी व्यनि केलाय. नायजेरियाचा बघताना उत्तरार्धाकडे जास्त लक्ष द्या, मुसाचे दोन्ही गोल तिथे आहेत. आणि आइसलंडचे क्रॉस कुठून येतायत, पहिल्या बचावपटूच्या पुढे जातायत का, हे @आतवळण यांच्या मापानं तपासून इथेच लिहा.